कागद कोणीं वाचावा?

वंध्यत्वावरील उपचारांची आपल्याकडे जेवढी जाहिरात होते, तेवढी दुसऱ्या क्वचितच एखाद्या उपचाराची होत असेल. शहरांतील हमरस्त्यांवर गुबगुबीत बालकांचीं चित्रें असलेले फलक झळकतात. त्या बालकांच्या हास्याखालीं दूरध्वनीचे आंकडे छापलेले असतात. गर्भ राहीपर्यंतची कथा हे फलक मोठ्या उत्साहानें सांगतात. तो राहिल्यानंतरची कथा मात्र कोणी सांगत नाहीं. आमचा आजचा वाद त्या पुढच्या कथेविषयीं आहे. उपचारांनीं गर्भ राहिल्यावर ती स्त्री ज्या दिवशीं प्रथमच प्रसूतितज्ज्ञाच्या खोलींत पाऊल टाकते, तो दिवस वास्तविक तिच्या आयुष्यांतील आनंदाच्या दिवसांपैकीं एक असावयाचा. तो पुष्कळदां मनस्तापाचा ठरतो. आणि या मनस्तापाचें कारण दैव नसून निव्वळ निष्काळजीपणा असतें, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

उदाहरण घरचेंच आहे, आणि तें सांगण्यास जिच्यावर प्रसंग गुदरला तिची संमति आहे. आमच्या भाचीच्या लग्नाला नऊ वर्षें झालीं. त्यांतील शेवटचीं चार उपचारांत गेलीं. दोन वेळां गर्भाशयांत सोडलेले भ्रूण रुजले नाहींत. तिसऱ्या खेपेस, २०२५ च्या ५ फेब्रुवारीस, प्रयोगशाळेंत पांच दिवस वाढवून मग गोठवून ठेवलेला एक भ्रूण तिच्या गर्भाशयांत सोडण्यांत आला आणि तो रुजला. रक्ततपासणींतील आंकडे दर दोन दिवसांनीं दुपटीच्या आसपास वाढत गेले. तेथवरचें काम ज्यांनीं केलें त्या उपचारकेंद्रानें तिचें अभिनंदन केलें, कागदांची एक जाडजूड फाईल तिच्या हातीं दिली, आतां आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे जावें असें सांगितलें, आणि आपला दरवाजा लोटून घेतला. १ मार्च रोजीं ती पुण्यांतील एका मोठ्या रुग्णालयांत पहिल्या तपासणीसाठीं गेली. सोबत तिचे यजमान होते आणि आम्ही होतों.

वेळ साडेनऊची दिलेली होती. बोलावणें आलें तेव्हां बारा वाजून गेले होते. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. बाळंतिणी घड्याळ पाहून अडत नाहींत, आणि डॉक्टरांस मध्येंच उठून जावें लागतें हें आम्ही जाणतों. पण पुढें जें घडलें त्याला कोणत्याहि बाळंतिणीची सबब नव्हती. "पुरुषांनीं बाहेर थांबावें," असें सांगून यजमानांना दाराशींच अडविण्यांत आलें. जो मनुष्य गेले कित्येक आठवडे रोज रात्रीं बायकोला स्वतःच्या हातानें इंजेक्शन टोचीत आला, तो या खोलींत परका ठरला. सोनोग्राफीपूर्वीं एफ् नमुना भरून घ्यावा लागतो; त्यांत जीवंत मुलगे किती, मुली किती, असे प्रश्न असतात. लिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानें हा नमुना आला आहे; आणि ज्या महाराष्ट्रानें १९८८ सालींच अशा स्वरूपाचा कायदा करून देशापुढें उदाहरण घालून दिलें, त्या महाराष्ट्रांत त्याविरुद्ध कुरकुर करणें आम्हांला शोभणार नाहीं. परंतु तो प्रश्न भरल्या दालनांत मोठ्यानें विचारावा, आणि उत्तर ऐकून "एकहि नाहीं?" असें दुप्पट मोठ्यानें पुन्हां विचारावें, ही सक्ती कोणत्या कलमांत आहे?

आंत डॉक्टरीणबाईंनीं फाईल उघडली नाहीं. शेवटची पाळी केव्हां आली, एवढेंच विचारलें. "१० जानेवारीला, पण भ्रूण सोडला तो ५ फेब्रुवारीला..." असें भाची सांगूं लागली, तोंच "मी पाळीची तारीख विचारली," असें उत्तर आलें. टेबलावरची कागदी चकती फिरली आणि सात आठवडे एक दिवस हें वय निश्चित झालें. सोनोग्राफींत गर्भपिशवी दिसली, तींत चार मिलिमीटर लांबीचा गर्भ दिसला; हृदयाचे ठोके दिसले नाहींत. "सात आठवडे होऊन गेले. आतांपर्यंत ठोके दिसायलाच हवे होते. वाढ मागें पडली आहे. दहा दिवसांनीं दाखवा, पण फार आशा ठेवूं नका. हीं इंजेक्शनें बंद केलींत तरी चालेल." एवढें बोलून त्यांनीं पुढचें नांव पुकारण्यास सांगितलें. सारा प्रकार पांच मिनिटांत आटोपला. भाची बाहेर आली ती रडली नाहीं. गाडींत बसल्यावर एवढेंच म्हणाली, "मावशी, माझा गर्भ किती दिवसांचा आहे हें जगांत कोणाला नक्की सांगतां येत असेल, तर तें मला येतें. आणि मलाच त्यांनीं बोलूं दिलें नाहीं."

आतां हिशेब पाहूं. तो शाळेंतल्या मुलालाहि करतां येण्याजोगा आहे. गर्भाचें वय शेवटच्या पाळीपासून मोजण्याची रीत जुनी आहे. नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नांवानें ओळखला जाणारा २८० दिवसांचा नियम एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. त्या नियमाच्या मुळाशीं एक गृहीत आहे: पाळी दर २८ दिवसांनीं येते आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतें. गर्भ नक्की केव्हां राहिला हें सामान्यतः कोणालाच ठाऊक नसतें, म्हणून पाळीच्या तारखेवर भागवावयाचें, इतकाच त्या रीतीचा अर्थ. येथें तर खरी तारीख तासामिनिटांसह लिहिलेली होती. पांच दिवसांचा भ्रूण ज्या दिवशीं सोडतात, त्या दिवशीं रूढ मोजणीप्रमाणें गर्भाचें वय चौदा अधिक पांच, म्हणजे १९ दिवस धरावयाचें. ५ फेब्रुवारीपासून १ मार्चपर्यंत २४ दिवस होतात. एकूण ४३, म्हणजे सहा आठवडे एक दिवस. पाळी १० जानेवारीस आली होती हें खरें. परंतु गर्भाशयाचें अस्तर पुरेसें भरण्यास वेळ लागल्यामुळें औषधांचे दिवस वाढवावे लागले, आणि भ्रूण नेहमींच्या हिशेबापेक्षां सात दिवस उशिरां सोडला गेला. चकतीनें जो एक आठवडा जास्त मोजला, तो त्या गर्भानें आईच्या पोटांत काढलेलाच नव्हता. तो त्यानें प्रयोगशाळेंतील द्रव नायट्रोजनांत काढला होता. हें सारें न उघडलेल्या त्या फाईलच्या पहिल्याच पानावर छापलेलें होतें!

सहा आठवडे एक दिवसाच्या गर्भांत ठोके दिसतील किंवा दिसणारहि नाहींत. दोन्ही गोष्टी संभवतात. आणि चकती बरोबर होती असें क्षणभर मानलें, तरीहि दिलेला निकाल टिकत नाहीं. गर्भ जगणारा नाहीं असें केव्हां म्हणावें याविषयीं अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या एका मंडळानें पुढाकार घेऊन २०१३ सालीं कसोट्या प्रसिद्ध केल्या. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, अथवा गर्भपिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असून तींत गर्भच नसेल, तरच एका तपासणीवरून निश्चित निदान करावें. त्याहून लहान असतां थांबावें आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां पाहावें, असा त्यांचा आशय आहे. जगू शकणारा गर्भ घाईच्या निदानानें गमावला जाऊं नये, हाच त्यामागील हेतु. चार मिलिमीटर ही सातांहून लहान संख्या आहे. ती समजण्यास यंत्र लागत नाहीं आणि वेळहि लागत नाहीं.

सर्वांत गंभीर गोष्ट इंजेक्शनांची. नैसर्गिक गर्भधारणेंत स्त्रीबीज सुटल्यावर बीजाशयांत जो पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन नांवाचा द्रव्यांश निर्माण करून गर्भाला आधार देतो. पुढें सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास हें काम हळूहळू वार आपल्याकडे घेते. परंतु ज्या स्त्रीला औषधांनीं अस्तर वाढवून गोठविलेला भ्रूण दिला, तिचें स्त्रीबीज त्या महिन्यांत सुटलेलेंच नसतें. म्हणून पीतपिंड नाहीं, आणि म्हणून तिच्या शरीरांत स्वतःचें प्रोजेस्टेरॉनहि जवळजवळ नाहीं. वार समर्थ होईपर्यंत तिच्या गर्भाचा सारा भार त्या इंजेक्शनांवर आणि गोळ्यांवर असतो. सहाव्या आठवड्यांत तीं बंद करणें म्हणजे छपराखालचा एकुलता एक खांब काढून घेणें. "बंद केलींत तरी चालेल" हे शब्द ज्या सहजतेनें उच्चारले गेले, त्या सहजतेनें भाचीनें ते पाळले असते, तर पुढें जें झालें असतें त्याला लोकांनीं दैव म्हटलें असतें, आणि कागदोपत्रीं त्याची नोंद "वाढ मागें पडलेला गर्भ" अशी झाली असती. चूक स्वतःच स्वतःचा पुरावा निर्माण करते, ती अशी.

भाचीनें तीं बंद केलीं नाहींत. उपचारकेंद्राशीं तीन वेळां दूरध्वनि केल्यावर रात्रीं कोणीतरी भेटलें आणि औषधें चालूं ठेवा असें म्हणालें. दहा दिवस त्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं. ११ मार्च रोजीं दुसऱ्या ठिकाणीं तपासणी झाली. गर्भ चौदा मिलिमीटरांचा होता आणि त्याचें हृदय स्पष्ट चालूं होतें. परंतु वाचकांनीं हा आमच्या पक्षाचा विजय समजूं नये. ज्ञात गर्भधारणांपैकीं शेंकडा सुमारें १० ते २० अकालीं संपतात. त्यांतील पुष्कळ कोणाच्याहि चुकीनें संपत नाहींत. ११ मार्चला तो पडदा निश्चल दिसला असता, तरी १ मार्चविषयींची आमची तक्रार अक्षरशः हीच राहिली असती. वाईट बातमी सांगूं नका असें आमचें म्हणणें नाहीं. खोटी निश्चिति सांगूं नका, एवढेंच आहे. "अजून सांगतां येत नाहीं" हें वाक्य उच्चारण्यांत वैद्याला कमीपणा नाहीं. उलट तेंच त्या दिवशींचें एकमेव शास्त्रशुद्ध वाक्य होतें.

लिहिलेला कागद अधिकारी माणसानें न वाचण्याची या विषयांतील परंपरा दुर्दैवानें मोठी आहे. इंग्लंडमध्यें २५ जुलै १९७८ रोजीं लुईज ब्राऊन जन्मली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनीं दुर्गा नांवानें ओळखली गेलेली बालिका जन्मास आली. सरकारनें नेमलेल्या समितीनें त्यांचा दावा झिडकारला; पुढें त्यांची अवहेलना झाली, आणि १९८१ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. मुंबईस के. ई. एम्. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. या कामांत हिंदुजाबाईंचे सहकारी असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनीं नंतर मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी स्वतः तपासल्या, आणि १९९७ सालीं, आपल्याच पदरांतील पहिलेपणाचा मान बाजूस ठेवून, तो मुखोपाध्यायांचा असल्याचें जाहीर केलें. एकानें कागद उघडले नाहींत म्हणून अन्याय झाला; दुसऱ्यानें उघडले म्हणून न्याय झाला. ज्या विद्येचा इतिहासच असा आहे, तिचे कागद तरी पुढच्या वैद्यानें उघडून पाहावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणावयाची काय?

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, गर्दी फार. एकेका रुग्णास किती वेळ द्यावा? परंतु फाईलचें पहिलें पान वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. न वाचल्यामुळें मात्र दुसरी तपासणी, दुसरा डॉक्टर, तीन दूरध्वनि आणि दहा दिवस लागले. वेळ वांचला तो कोणाचा?

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आमच्या आयांनीं आठ-आठ दहा-दहा मुलें वाढविलीं, त्यांना कोठें होत्या सोनोग्राफ्या! त्यांनीं वाढविलेलीं मुलें आपण मोजतों, गेलेलीं मोजीत नाहीं. आणि ज्या बाळंतपणांत आईच गेली तिची आठवण सांगावयास कोणी उरत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८-२० या काळांत दर लाख जीवंत जन्मांमागें मातामृत्यु ३३ होते, तर देशांत ९७. हा फरक डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांच्या कष्टांनीं पडला आहे, आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोंत. पण ज्यांनीं एवढें मोठें काम करून दाखविलें, त्यांच्याकडून पहिलें पान वाचण्याची अपेक्षा करणें हा कृतघ्नपणा नव्हे. तो त्यांच्या योग्यतेवरचा विश्वास आहे.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे पैसेवाल्यांचे लाड आहेत, असें म्हणतात. लाखों रुपये खर्चून मूल मागणाऱ्यांना आणखी काय पाहिजे? हें म्हणणाऱ्यांनीं एकदां त्या दालनांत बसून पाहावें. तेथें दागिने मोडून आलेले आहेत, भविष्यनिर्वाह निधींतून पैसे काढून आलेले आहेत, शेताचा तुकडा गहाण टाकून आलेलेहि आहेत. आणि समजा, एखादी श्रीमंत असली, तरी तिच्या गर्भाचें वय चुकीचें मोजण्याचा परवाना त्यामुळें मिळतो काय?

दोष एकट्या प्रसूतितज्ज्ञांचा नाहीं. उपचारकेंद्रांचा वांटा कमी नाहीं; किंबहुना अधिक आहे. २०२१ च्या कायद्यानें केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, स्त्रीपुरुषांच्या वयाच्या मर्यादा घातल्या, यशाची शक्यता, खर्च आणि धोके आधीं समजावून सांगण्याचें बंधन घातलें. हें सर्व योग्यच झालें. परंतु त्या कायद्याचा सारा रोख गर्भ राहीपर्यंतच्या व्यवहारावर आहे. आंकडा "यशस्वी" या रकान्यांत पडला कीं केंद्राचें काम संपतें. आणि जिच्या नांवावर तो आंकडा पडला, ती मात्र त्याच क्षणापासून दोन दारांमध्यें उभी राहते. एक दार बंद झालेलें असतें, दुसरें उघडणारा तिचें ऐकत नसतो. घरची जाऊं देईना आणि दारची येऊं देईना, असा प्रकार आपण पाहिला आहे. येथें दोघेंहि जा म्हणतात.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक उपचारकेंद्रानें निरोप देतांना जाड फाईलच्या वर एकच स्वच्छ पान लावावें. त्यावर भ्रूण सोडल्याची तारीख, त्या दिवशींचें भ्रूणाचें वय, सोडलेल्या भ्रूणांची संख्या, त्या महिन्यांत स्त्रीबीज नैसर्गिक रीतीनें सुटलें होतें कीं नाहीं, चालूं औषधें, त्यांचें प्रमाण आणि तीं कोणत्या तारखेपर्यंत घ्यावयाचीं, एवढें असावें. आणि शंका आल्यास उत्तर देणाऱ्या माणसाचा दूरध्वनिक्रमांक असावा. पुढच्या डॉक्टरांनीं तें पान वाचून, गर्भाचें वय त्यावरूनच धरावें. एफ् नमुन्यांतसुद्धां शेवटच्या पाळीच्या जोडीला गर्भाच्या आठवड्यांचा पर्याय आहेच. ज्यानें औषध सुरू केलें त्याला विचारल्यावांचून तें बंद करूं नये. कसोटीला न उतरणारा निकाल देऊं नये. नवऱ्याला किंवा जिच्यावर तिचा विश्वास आहे अशा एका माणसाला खोलींत येऊं द्यावें. आणि स्त्री बोलत असतां तिचें वाक्य पुरें होऊं द्यावें. यांतील एकाहि गोष्टीला नवें यंत्र लागत नाहीं, नवा कायदा लागत नाहीं, एक पैचा खर्च येत नाहीं.

वाचकांनाहि एक सांगणें आहे. अशा घरांत अशा वेळीं आपण "आतां राहिलें ना, मग कशाला काळजी!" असें म्हणून मोकळे होतों. भाचीला तिच्या सासूबाई प्रेमानेंच म्हणाल्या, "डॉक्टरांपुढें फार बोलूं नये, त्यांना राग येतो." आपल्या सुशिक्षित घरांतून मुलींना ही शिकवण आजहि मिळते. ती टाकून द्यावी. डॉक्टरांचा मान राखावा. पण तो राखण्यासाठीं स्वतःच्या पोटांतल्या जीवाची तारीख गिळूं नये. "आधीं हें पान पाहा" असें शांतपणें म्हणून कागद पुढें करणें हा उद्धटपणा नाहीं.

कोणी म्हणेल, सर्व कांहीं ठीक झालें ना, मग हा आरडाओरडा कशासाठीं? म्हातारी मेल्याचें दुःख नसतें, काळ सोकावतो, त्याचें असतें. आणि येथें तर म्हातारीच्या जागीं चार मिलिमीटरांचा जीव होता. आमच्या भाचीच्या हातीं शिक्षण होतें, दूरध्वनि होता आणि हट्टहि होता. तिच्या मागच्या बांकावर जी बाई बसली होती, तिच्या हातांत तशीच एक फाईल होती. तिचें नांव पुकारलें गेलें तेव्हां ती फाईल छातीशीं धरून आंत गेली. ती कोणी उघडली कीं नाहीं, हें विचारण्यास आम्ही तेथें थांबलों नाहीं, याची आम्हांला अजून लाज वाटते.